माझ्या नावावरचा फोटो

सोलापूर,
रविवार

तीर्थस्वरूप दाजींना सिद्धरामचा शिरसाष्टांग नमस्कार. अक्का, शेळ्या आणि तुम्ही खुशाल असाल (हा क्रम अक्कानंच ठरवलेला आहे). फोनवरच बोललो असतो, पण तुमचा फोन अक्का उचलते, म्हणून कागद काळा करतोय.

गेल्या महिन्यात तुम्ही माझ्यावर मोठे उपकार केलेत. साइटवर छातीचे फोटो काढणारी गाडी येणार, फोटो खराब निघाला तर हातातलं कटर जाणार, आणि मी तर फरशा कापून कापून खोकत होतो. तुम्ही जेऊरहून पहिल्या गाडीनं आलात. "आरं, धा वर्सं खडी क्रशरवर काढली, रोज गूळ खाल्ला. छाती कशी आरशावानी हाय!" असं म्हणून माझं हेल्मेट घातलंत आणि माझ्या नावानं रांगेत उभे राहिलात. हेल्मेट काढल्यावर डॉक्टरबाईंनी विचारलं, वय अडतीस आणि केस पांढरे कसे? तर तुम्ही बेधडक सांगितलंत, "सिमिट हाय बाई, धुतलं की काळं हुतंय!" त्यांनी श्वास रोखायला सांगितला तेव्हा तुम्हाला अशी उबळ आली, की मी लांबून कौतुकानं बघत राहिलो. म्हटलं, काय हुबेहूब नक्कल करतात माझी! (शिवानंद मुकादमाला सगळं ठाऊक होतं, पण त्यालाही कारागीर हवाच होता.)

गेल्या सोमवारी रिपोर्ट आला. बाईंनी फोटो उजेडाकडे धरून सांगितलं, दगडाची धूळ फुप्फुसांत बसलीय, दोन्हीकडे ठिपके आहेत, आता धुळीत पाऊल टाकायचं नाही. दाजी, मी तडक घरी येऊन अंथरूण धरलं. रुपालीनं रोज दोन अंडी सुरू केली. कटर कुणाला, सायकल कुणाला, हे मी तीन दिवसांत ठरवून टाकलं. एकदा तर माझ्यामागं माझं कसं होईल, म्हणून रडलोसुद्धा. चौथ्या दिवशी रुपाली भाकरी थापता थापता थांबली आणि म्हणाली, "आवं, पण त्यो फोटू तुमचा कुटं हाय?"

मी ताडकन उठून बसलो. आधी हसू आलं, खोटं कशाला सांगू. मग तिनं तवा उतरवला आणि थापलेली भाकरी तशीच परातीत राहिली.

दुसऱ्या दिवशी बाईंना खरं सांगितलं. त्यांनी माझी जी हजेरी घेतली ती पत्रात मावायची नाही. माझा फोटो निघेपर्यंत मी गेटावर गाड्यांचे नंबर लिहितोय. बाकी इकडे सर्व ठीक.

आपला मेहुणा,
सिद्धराम

ता. क. तो फोटो तुमचा आहे, दाजी. हे वरच लिहायचं होतं, हात धजला नाही. तुमच्या खोकल्यानं हल्ली गोठ्यातल्या शेळ्या उठतात, असं काल अक्का फोनवर म्हणाली. म्हणजे ती नक्कल नव्हती.

आणखी एक. गुरुवारी पहिल्या गाडीनं या, अक्काला घेऊन या. मी स्टेशनावर तुमच्या पाया पडून रडणार आहे, चारचौघांत लाजू नका. आणि आधार कार्ड आणा. या खेपेला दोघांनीही आपापल्या नावानं श्वास रोखायचा.