दसपट भावाचे पेढे

मंगळवार, संध्याकाळ. ठाकुर्ली.

सकाळी मोबाईल बघितला, तर माझा दोन रुपयांचा शेअर वीसवर! दसपट! मी वेडी, सरळ खाली जाऊन पेढे आणले आणि अख्ख्या मजल्यावर वाटले.

मघाशी हे ऑफिसातून आले. मोबाईल बघून म्हणाले, "अगं, भाव कसला बघतेस? शेअर किती उरलेत ते बघ." दहा हजार शेअरांचे एक हजार झालेले. कंपनीने दहा जुन्यांचा मिळून एक नवा केला, म्हणून भाव चढलेला दिसला. फायदा शून्य. वर मालक मंडळी आता स्वतःसाठी स्वस्तात नवे शेअर काढणार, म्हणजे आमचा वाटा आणखी बारीक. तशी ईमेल आलेली म्हणे. मी कधी उघडते ईमेल? आणि पेढे वाटले. पेढे!

तेवढ्यात बेल वाजली. शेजारच्या सुमनकाकू, हातात पुडा.

"तुझे पेढे खाल्ले आणि दुपारीच तोच शेअर घेतला गं! काशीला जायला ठेवलेले सगळे पैसे घातले. घे, तोंड गोड कर."

तोंडात पेढा होता, म्हणून बोलले नाही. गिळून झाल्यावरही बोलले नाही.