आजीचं वाहन

७ फेब्रुवारी १९५८
आजीच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला. एकदा बसली की दिवसभर बसेल, पण चालवत नाही. लालबागच्या मासळी बाजारातली तिची जागा रिकामी. मुकादमाचा निरोप आला : सोनूबाई होळीपर्यंत येऊन बसली नाही तर जागा दुसरीला. आजीनं ताट सरकवलं. त्या जागेवर तिची सासू बसायची.
मी जाहीर केलं, चाकांची खुर्ची झालीच पाहिजे! निवड मी करणार. बाबा म्हणाले, कॉलेज निवडलंस तेही बघितलं. बाबांना समजत नाही. कॉलेज मी संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीसाठी सोडलं. निकाल त्याच आठवड्यात लागला, हा योगायोग.

८ फेब्रुवारी
बाजारात पाहणी. आजीच्या शेजारच्या जागेवर मालन बसते. तिनं विचारलं, आजी कशी आहे? आजी हा बहाणा. डोळे वेगळंच विचारत होते. पापलेट तिच्या हातातून निसटलं.
चित्र स्पष्ट आहे. खुर्चीत आजी, मागे ढकलणारा मी, समोर मालन. दंड कमावलेले हवेत. उद्यापासून व्यायाम.

९ फेब्रुवारी
सभा होती. व्यायाम नाही. घोषणांनीही छाती रुंद होते.

१३ फेब्रुवारी
गिरगावात दुकान सापडलं. एक खुर्ची बुटकी, लाकडी. भिकाऱ्याच्या गाडीसारखी. दुसरी उंच, काळी, सायकलची चाकं, पितळी घंटा! दुकानदार म्हणाला, आजींना आणा, बसवून बघा. भडकलो. मराठी माणसाला निवड करता येत नाही काय? बाहेर येऊन पाटी वाचली. केळुसकर. तरीही.

१८ फेब्रुवारी
उंच घेतली. विकलेला माल परत नाही म्हणे. परत करतोय कोण?
आजीनं विचारलं, केवढी हाय रं? म्हटलं, सिंहासन आहे. म्हणाली, जग्या, मना बाजारात बसायचं हाय, दरबारात नाय. भीड वाटते बिचारीला.

२५ फेब्रुवारी. दुपार.
लिहू नये असं वाटतं.
आजीला खुर्चीतून बाजारात नेलं. आजी वर, मासळी खाली. हात पाटीपर्यंत पोचेना. विळी पायाखाली दाबायची, तर पाय अधांतरी. गिऱ्हाइकं वाकून मासळी बघतात, तेव्हा समोर आजीची पावलं. एक म्हातारी ओरडली, अगो सोनू, भाषण हाय काय तुझं? सगळा बाजार हसला. मालनही. दात सुंदर आहेत.
आजीनं मला बोंबील फेकून मारला. मुकादम म्हणाला, हे बसणं मी धरत नाही.

२६ फेब्रुवारी
उपाय सुचला. आजी खाली येत नसेल तर मासळी वर न्यावी. टेबल! मुकादम म्हणाला, हा बाजार आहे, बँक नव्हे. त्याच्याशी भांडलो. आवाज बसला. आजी आज चहासुद्धा प्यायली नाही. सगळे माझ्याकडे असे बघतात, जणू गुडघे मी मोडले.

५ मार्च. होळी.
पहाटे आजी म्हणाली, जग्या, खाली बस. बसलो. पाठीवर चढली. म्हणाली, चल. त्या सिंहासनावर मी परत नाय चढायची. घरात रिकामी पाठ एकच हाय.
रस्ताभर कुत्री मागे. पोरं मागे. बाजारात पाटावर उतरवली. तिनं पदर खोचला, विळी पायाखाली घेतली आणि अशी हाक दिली, की पहिलं गिऱ्हाईक दचकूनच थांबलं. मुकादम बघून पुढे गेला. जागा राहिली. घरी आल्यावर आजी दोनदा भात घेऊन जेवली.
मालननं आज माझ्याकडे टक लावून पाहिलं. म्हणजे, आजीकडे. पण आजी माझ्याच पाठीवर होती. दिशा एकच.
उद्या पुन्हा. परवाही. कंबर!

९ मार्च
मालननं खुर्ची मागितली. करी रोडला एक म्हातारे आजारी आहेत म्हणाली. आजीनं देऊनही टाकली. मीच ढकलत नेली. मालन सोबत! सबंध वाट मी बोललो.
म्हातारे उंचेपुरे. खुर्चीत फिट्ट बसले. घंटा वाजवली, खूश झाले. विचारलं, सूनबाई, निवड कुणाची?
मालन लाजून म्हणाली, आमच्या जगनदादाची.