मंजुनाथची फळी आणि माझं टाइमटेबल

१ जुलै १९९७, मंगळवार
एका ऑटोत सात मुली! आणि माझी सिद्धी डान्स क्लासहून आली ती पुढच्या लाकडी फळीवर बसून. ऑटोवाल्या मंजुनाथला खडसावलं. तो हसून कानडीत म्हणाला, स्वल्प अॅडजस्ट माडि, म्हणजे जरा अॅडजस्ट करा. या गावात जो उठतो तो हेच ऐकवतो. मी पुण्याचा आहे, अॅडजस्ट करत नाही. ऑटो आजपासून बंद.

२ जुलै
ऑफिसात प्रोजेक्टचं काम बाजूला ठेवून टाइमटेबल केलं. शेजारच्या मुकुंदरावांची नात रक्षिता त्याच क्लासला जाते, तिलाही ऑटोतून काढायला लावलं. मंगळवारी त्यांची फियाट, शुक्रवारी माझी स्कूटर. निघायचं ४.१०ला, क्लास ४.४५चा. मुकुंदराव बरं, बरं म्हणायच्या ऐवजी कानडीत सरी, सरी म्हणाले. तीन पिढ्या इथे बनशंकरीत काढल्यावर मराठी माणसाचं असं होतं. बायकोने, आसावरीने विचारलं, त्यांना वेळ जमते का ते विचारलंस का. टाइमटेबल विचारायचं नसतं, द्यायचं असतं.

४ जुलै, शुक्रवार
डेंटिस्टकडे जातो सांगून ऑफिसातून सटकलो. ४.४३ला पोचलो. मंजुनाथचा ऑटो आधीच उभा. मुद्दाम! क्लास सुटेपर्यंत बाहेर थांबलो आणि त्याच्याकडे रोखून बघत होतो. त्याला झोप लागली.

८ जुलै, मंगळवार
४.१०ला मुली तयार, फियाट फाटकात, मुकुंदराव व्हरांड्यात खुर्चीवर. म्हणे साडेचारपर्यंत राहुकाळ, त्यात घरातून गाडी निघत नाही. दर मंगळवारी तीन ते साडेचार. हे अख्ख्या गल्लीला पाठ आहे, मला कुणी सांगितलं नाही! मग मंजुनाथ कसा जातो? तर तो तीनच्या आधीच ऑटो रस्त्यावर काढून ठेवतो, म्हणजे निघालेलाच असतो. लबाड. मुली चौदा मिनिटं उशिरा पोचल्या.

११ जुलै
डान्सच्या तुंगाबाईंनी फर्मान काढलं. तीनदा उशीर झाला की गणपतीतल्या कार्यक्रमातून नाव कट. एक झाला. सिद्धी पुढच्या रांगेत मधोमध आहे. हे तिने मला दोनदा सांगितलं. तिला म्हटलं, आता दोन्ही दिवस बाबा नेणार, काळजी संपली. मुकुंदरावांनी रक्षिताला परत ऑटोत घातलं. गद्दार माणूस.

१५ जुलै, मंगळवार
ऐन चार वाजता साहेबाने डेमो लावला. क्लासला पोचलो ५.१०ला. मधे दोन सिग्नल, एक लॉरी, एक मिरवणूक. यातलं माझं काय? दुसरा उशीर. सिद्धी वाटेभर माझ्या घड्याळाकडे बघत होती. आसावरीवर गेली आहे.

१८ जुलै, शुक्रवार
४.३०ला पोचवलं! पंधरा मिनिटं आधी! तुंगाबाईंना घड्याळ दाखवून ऑफिसात परत गेलो आणि मन लावून काम केलं.

त्याच दिवशी, संध्या. ७.३०
साडेसहाला घरी आलो. आसावरीने विचारलं, सिद्धी कुठे आहे. टाइमटेबल काढून पाहिलं. त्यात परतीचा रकानाच नाही. इतके दिवस जो नेई तो थांबून राही, म्हणून लक्षात आलं नाही. चूक माझी नाही, कागदाची आहे. तरी धावत स्कूटरची किल्ली शोधली. चप्पल घालतोय तोवर मंजुनाथचा ऑटो दारात. क्लास सुटून पाऊण तास झाला तरी पोरगी पायरीवर बसलेली म्हणून बाकीच्यांना सोडून तो तिच्यासाठी परत गेला होता. मला नुसता हात करून तो निघून गेला. बोलला असता तर भांडता तरी आलं असतं.

२२ जुलै, मंगळवार
आसावरीने मला न विचारता ऑटो पुन्हा लावला. जागा फक्त फळीवर. सिद्धी हरकत घेईल म्हणून मी वाट बघत होतो. ती उडी मारून बसली. ४.३५ला पोचली म्हणे. वेळेचं महत्त्व तिला माझ्यामुळेच कळलं.

२५ जुलै, शुक्रवार
सिद्धी कार्यक्रमात आहे, मधोमधच. तुंगाबाईंनी फॉर्म पाठवला आहे. कार्यक्रम संपल्यावर मुलीला न्यायला कोण येणार? मी पेन काढलं, पण सिद्धीने तो आधीच स्वतः भरला होता. नाव : मंजुनाथ अंकल. रिलेशन : कम्स ऑन टाइम.
खाली पालकांची सही हवी होती. केली.