छपराला पडलेलं भगदाड

प्रिय लंबू,

पत्र बघून हसशील. दर शनिवारी तुझ्या उशाशी येऊन बसणारा माणूस दोन गल्ल्यांपलीकडून पत्र पाठवतो म्हणजे याचं डोकं फिरलं, असं वहिनींना म्हणशीलही. पण समोर बसून चर्चबद्दल एक शब्द काढला की तू रेडिओ मोठा करतोस. पत्रावर तो उपाय चालत नाही. फार तर फाडशील. तर आधी वाच आणि मग खुशाल फाड.

आपल्या चर्चच्या धर्मग्रामात फादरांनी श्रद्धा वाढावी म्हणून छोटे छोटे गट सुरू केलेत. मी काही आपण होऊन गेलो नाही. चर्चच्या पन्हळीतला पाला काढायला वर चढलो होतो आणि फादर खाली शिडी धरून उभे. म्हणाले, गटाला येतो म्हणा, नाहीतर शिडी घेऊन जातो. आता तूच सांग, काय करणार! तेव्हापासून दर बुधवारी संध्याकाळी मास्तरीणबाईंच्या बैठकीच्या खोलीत आम्ही चौघं जमतो. आपल्या मुलांना गणित शिकवून शिकवून थकल्या, त्याच त्या मास्तरीणबाई. दुसरा बेकरीवाला, भुवयांना पीठ लागलेलं तसाच येतो आणि ऊब लागली की डुलक्या काढतो. तिसऱ्या नर्सबाई, त्या फारसं बोलत नाहीत. चौथा मी.

तिथली रीत अशी की शुभवर्तमानातला येशूचा एक प्रसंग कुणीतरी सावकाश वाचायचा, पुन्हा एकदा वाचायचा, मग सगळ्यांनी डोळे मिटून त्या प्रसंगात शिरायचं. आपण कुठे उभे आहोत, काय दिसतंय, कसला वास येतोय ते बघायचं. बाकीच्यांना लगेच जमलं. मास्तरीणबाई प्रभूच्या पायाशी जाऊन बसायच्या. बेकरीवाल्याला तर भाकरीच्या चमत्कारात भाकरीचा वास आला म्हणे, आणि बिचारा रडला. मी मात्र जाईन तिथे कामाला लागायचो. वादळाच्या प्रसंगात प्रभू होडीत झोपलाय हे मी बघितलंसुद्धा नाही, मी आपला बादलीने पाणी उपसत होतो आणि फळीची सांध कुठून सुटली ते चाचपत होतो. मला वाटलं, हे आपल्यासारख्याचं काम नव्हे. देवाकडे बघायचं सोडून हा गळती बघतो!

मग एका बुधवारी तो पक्षाघाती माणसाचा प्रसंग निघाला. तुला माहीत आहेच. घरात गर्दी, दारातून आत जायला वाट नाही, म्हणून चौघांनी छप्पर उसकटलं आणि आजारी माणसाला बाजेसकट खाली प्रभूसमोर सोडलं. वाचन संपलं तेव्हा सगळ्यांचे चेहरे भक्तीने न्हाऊन निघालेले, आणि माझं टाळकं सटकलेलं. मी म्हणालो, चमत्कार झाला, फार चांगलं झालं, पण त्या छपराचं काय? दुसऱ्याच्या घराला भगदाड पाडून चौघं नाचत निघून गेले! बेकरीवाला इतका हसला की त्याचा चष्मा पडला. मास्तरीणबाई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, मग तुम्ही आज छपरावरच थांबा, खाली येऊच नका.

लंबू, मी थांबलो. आता सांगतो ते नीट ऐक, कारण हे मी बायकोशिवाय कुणाला सांगितलेलं नाही.

छप्पर वासे, फांद्या आणि वर चोपलेल्या मातीचं होतं. भगदाडाच्या कडा अजून ढासळत होत्या. खाली एकच जल्लोष, तो माणूस बाज उचलून चालायला लागलेला, त्याचे मित्र वेड्यासारखे त्याच्यामागे पळाले. हळूहळू सगळी पांगली. घराची मालकीण, म्हातारी, हातात केरसुणी घेऊन वर आभाळाकडे बघत राहिली होती. मी गुडघ्यांवर बसून माती कालवायला घेतली. एकटा होतो. एकट्याने वासा बसत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? या टोकाला रेटला की ते टोक उठतं. तू छपरावरून पडलास तेव्हापासून माझं रोज हेच चाललंय.

तेवढ्यात शिडी करकरली. कुणीतरी वर आलं. पलीकडच्या टोकाला बसलं आणि वाशावर गुडघा ठेवला, तू ठेवायचास तसा, न सांगता. हात सुताराचे होते. अंगठ्याच्या नखाखाली जुना काळा डाग होता, हातोडी चुकल्यावर पडतो तसा. चेहरा मला दिसला नाही, त्याची मान कामात खाली होती. आम्ही फांद्या अंथरल्या, माती चोपली, ऊन कलेपर्यंत काम केलं. मला कोण आहे हे कळलं होतं आणि वर बघायची छाती होत नव्हती. डोळे उघडले तेव्हा माझ्या दंडावरचे केस उभे होते, चहा गार झाला होता आणि तिघंही माझी वाट बघत होती. मी सगळा जन्म छपरांवर काढला. देव आपल्याहून वर कुठेतरी असतो असं धरून चाललो होतो. तो खालून आला रे, शिडी चढून, हाताला माती लावून घ्यायला.

माझा अजून त्यावर विश्वास बसत नाही आणि तरी दुसऱ्या कशावर इतका विश्वास बसलेला नाही. दुसऱ्या दिवशी शाळेचे पत्रे बदलायला चढलो. हत्यारांची पिशवी पलीकडच्या कडेला ठेवणार होतो, ती उचलून अलीकडे घेतली. तिथे कुणाला बसायचं असेल तर जागा हवी ना! खालून शिपाई ओरडला, मामा, कुणाशी बोलताय? आता या माणसाला काय सांगणार?

पण खरी गोष्ट पुढेच आहे. त्या बुधवारी निघताना नर्सबाई म्हणाल्या, कुणी दारात होतं, कुणी गर्दीत, हे छपरावर; बाजेवरचा माणूस मात्र आपल्यापैकी कुणीच झालं नाही. त्याला असं न्यायचं का, हे त्याला कुणी विचारलं असेल का? मला एकदम भरून आलं. कारण तो माणूस कुठे आहे हे मला माहीत होतं. तिसऱ्या मजल्यावर, पडदा ओढून, रेडिओ लावून. हॉस्पिटलातून आणताना रुग्णवाहिकेच्या त्या दोघांनी तुला गोणीसारखा उचलला, वळणावर जिन्यात टेकवून गप्पा मारत दम खाल्ला, आणि येणारेजाणारे तुला ओलांडून गेले. त्या दिवशी तू म्हणालास, आता या जिन्याने खाली जाईन तो पेटीतूनच. त्या छपरावरच्या शेवाळावरून पाय कुणाचाही सटकला असता, माझाही. पण ते वाक्य मी रोज डोक्यावर घेऊन हिंडतोय.

तर ऐक. गेल्या शनिवारी मी जिन्यात रेंगाळत होतो ते विडी ओढायला नव्हे. जिना मोजत होतो. तुझ्या चाकांच्या खुर्चीला दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कठडा आडवा येतो. तेवढा कठडा काढायचा, मालकाला मी पटवलंय, कुरकुरत का होईना हो म्हणाला. येत्या रविवारी सकाळी आम्ही चौघं येतो. मास्तरीणबाईंना उचलू देणार नाही, त्या पुढे चालून वाट मोकळी करतील, त्यांच्यासमोर आडवं यायची कुणाची टाप नाही. त्यांच्या जागी माझा जावई धरेल. वजनाची काळजी करू नकोस, तुझी लांबीच खरी डोकेदुखी आहे. आणि तुला गोणी होता येणार नाही. इतकी वर्षं लांब पत्रे आपण अरुंद जिन्यांतून चढवले, आवाज कायम तू द्यायचास: कलव, थांब, डावीकडे घे. रविवारीही तूच द्यायचा. बेकरीवाल्याला डावं-उजवं कळत नाही. खाली उतरल्यावर चर्चमध्ये मिस्साला यायचं की फाटकाशी उन्हात बसून राहायचं ते तू ठरव, मी तुझ्या शेजारी बसेन. तुला परत वर आणल्यावर बाकीची घरी जातील आणि मी कठडा बसवायला मागे राहीन. पलीकडचं टोक कोण धरेल याचा घोर मला आता नाही. पण बाजेवरच्या माणसाला विचारल्याशिवाय न्यायचं नाही, एवढ्यासाठी हे पत्र. तोंडाने काही सांगू नकोस, तुला ते जमणार नाही. शनिवारी मी नेहमीच्या वेळेला येतो. हो असेल तर रेडिओ बंद ठेव. मी जिन्यातूनच ऐकेन.

तुझाच,
टिंगू