पाठीकडून उघडा अंगरखा

६ जानेवारी, मंगळवार

हो म्हणून बसले! जत्रेचे ब्लाउज आत्ता कुठं उरकले, मान अवघडलीय, आणि दारात सर. आमचे चित्रकलेचे महालिंगप्पा सर. ऐंशी पार केली तरी नळदुर्गाच्या स्टँडपासून चालत आले, बगलेत चादरीत गुंडाळलेली अख्खी तसबीर! त्यांच्या घराण्यातला कुणी व्यापारी, अडीचशे वर्षांमागचा. मांडी घालून बसलाय, तळहातावर इष्टलिंग, अंगात पायघोळ अंगरखा — छातीला घट्ट, कमरेखाली घेरच घेर, बगलेत बंद.

"असाच शिवायचा." म्हटलं, सर, मी ब्लाउज शिवणारी बाई, असलं कधी शिवलंय! "तुझी रेघ वर्गात सगळ्यात सरळ होती, शुभांगी." झालं, विरघळले.

शाळेच्या स्नेहसंमेलनात तो व्यापारी होऊन बसणार म्हणे. छाती ३६.

११ जानेवारी, रविवार

जुन्या चादरीवर नमुना बेतला. घेराला कळ्यांच्या तिरक्या पट्ट्या किती ते कळेना — बसलेला माणूस, सगळा घेर मांडीखाली! वीस धरल्या. तसबीर भिंतीला टेकवलीय. मी खडू उचलला की तो बघतो. सासूबाई म्हणाल्या, "तोंड भिंतीकडं कर त्याचं." केलं. मग बघून बेतू कशी? पुन्हा फिरवलं.

१५ जानेवारी, गुरुवार

सर मापाला आले, तिळगूळ घेऊन. छाती ३५. पुन्हा घेतलं — ३५. नऊ दिवसांत इंच जातो? नवा टेप आणला, दोन्ही टेप सासूबाईंच्या कमरेला लावून बघितले. त्या वैतागल्या. दोन्ही टेप सारखेच.

सरांनी विचारलं, "किती?" म्हटलं, तेवढंच की सर. खोटं का बोलले मी?

२० जानेवारी, मंगळवार

सर कापड घेऊन आले, पांढऱ्यावर बारीक हिरवी बुट्टी. कात्री घेतली तर म्हणाले, "पाठ मधोमध उघडी ठेव. नुसते बंद लाव तिथं." म्हटलं, सर, अंगरख्याची पाठ कशी उघडी असंल? "जित्या माणसाची नसती. मला बसवतील तवा माझे हात वर व्हतील का?"

आधी कळलंच नाही. मग कळलं. आपल्या लिंगायतांत माणूस गेला की बसवून, सजवून मातीला नेतात. मामंजींच्या वेळी नवा सदरा चढेना, शेवटी मागून कात्रीनं फाडला. तो आवाज अजून कानात आहे माझ्या. सरही होते तेव्हा.

सरांच्या पोटात गाठ आहे. सोलापूरच्या डॉक्टरनं डिसेंबरातच सांगितलं — अजून वेळ आहे, लगेच काढू, पण दोन महिन्यांवर लांबवू नका. सर नको म्हणून परत आले. "शिवप्रियाच्या आईलाबी असंच म्हनले होते. टेबलावर आडवी घातली, ती आडवीच परत आली. मला आडवं यायचं न्हाय. ह्याच्यावानी बसून जायचंय." आणि तसबिरीकडं बघून हसले! हसायचं काय त्यात?

घरी सांगायचं नाही. गळ्यातलं लिंग हातात घेऊन शब्द मागितला. मी दिला. भवाने, दिलास कशाला!

घरी म्हणजे कोण? शिवप्रिया. त्यांची एकुलती एक लेक, माझ्या बाकावरची.

२१ जानेवारी, बुधवार

कापलं. पाठ मधून.

२५ जानेवारी, रविवार

छाती साडेतेहतीस. टेपखाली बरगड्या लागतात. सगळ्या शिवणी पुन्हा आत घ्यायच्या. सर, एकदा सोलापूरला जाऊन या — असं म्हणायला तोंड उघडलं आणि मी म्हणाले काय, तर चहा घेता? लाज वाटते स्वतःची.

बोलले तर लिंगावरचा शब्द मोडला. तो कुणावर उलटेल? ह्यांचा ट्रक रोज हैदराबाद रोडला. आणि गप्प बसले तर? शिवप्रिया उद्या विचारेल, तुला ठाऊक होतं? काय सांगू — व्हय, दर मापाला कळत होतं?

सासूबाईंना वास लागलाय. "जित्याचं मातीचं कापड हाय का गं ते?" नाही, नाटकातलं. "मग रडतीस कशाला?"

२८ जानेवारी, बुधवार

पाठीचे बंद तेवढे राहिलेत. मुद्दाम लावत नाही. काल दोन लावले, आज उसवले. झालं की सर नेणार, आणि मग एका जागी बसून वाट बघणार! फोन आला की म्हणते, सुई मोडली. ह्या आठवड्यात तीनदा मोडलीय.

१ फेब्रुवारी, रविवार

शिवप्रिया आली. "अप्पांचं सोंग बघू तरी!" हसत हसत अंगरखा उचलला, घेर फिरवला, लई भारी म्हणाली. मग उलटा केला.

"अगं, पाठ शिवायची राहिली की!"

मी खाली पडलेल्या चिंध्या गोळा करायला लागले.

"दे, मी घालते कच्चा टाका. तुझी धांदल दिसतीय." माझ्याच सुईत दोरा ओवला तिनं, पाठीच्या दोन्ही कडा जुळवून धरल्या. सुई टोचणार एवढ्यात मी ओरडले, "नको!" एवढ्या मोठ्यानं, की सासूबाई आतून धावत आल्या.

"का नको?"

सांगितलं. गाठ, डॉक्टर, मापं, शब्द, सगळं. ती ऐकत होती आणि सुई तशीच हातात. म्हणाली, "बारा दिवस तुला म्हाईत होतं? मी काल बाजारात भेटले तुला, शुभे. भाजी घेत होतो आपण." मग सुई टाचण्यांच्या गादीला टोचून ठेवली आणि गेली. चप्पल उलटसुलट घालून गेली.

शब्द मोडला. मोडला मी.

२ फेब्रुवारी, सोमवार

फोन नाही कुणाचा.

३ फेब्रुवारी, मंगळवार

ह्यांचा फोन चारला यायचा, साडेपाचला आला. टायर फुटला होता म्हणे, जहिराबादजवळ. दीड तास मी देवासमोर बसून होते. नुसता टायरच फुटला ना, असं चारदा विचारलं. "मग आणखी काय फुटायला पायजे?" हे म्हणाले.

५ फेब्रुवारी, गुरुवार

सर दारावरून गेले. मी पायरीवर उभी. बघितलं नाही माझ्याकडं. आठवीत माझी वही फाडली होती तेव्हासुद्धा बघत होते! शिवप्रिया मागं, हातात दवाखान्याच्या कागदांची पिशवी. तिनंही नाही. सर किती वाकलेत. अंगरखा पेटीत ठेवला, वर कुलूप लावलं. किल्ली सासूबाईंकडं दिली, मला उघडू देऊ नका म्हटलं.

९ फेब्रुवारी, सोमवार

सोलापूरहून शिवप्रियाचा फोन. उद्या सकाळी ऑपरेशन, सरांनी सही केलीय. तिचं बोलणं अर्ध्यात असतानाच सरांनी फोन ओढून घेतला. आवाज लई बारीक. शब्दाचं काहीच काढलं नाही. म्हणाले, "पाठ शिवून टाक, शुभांगी. दुहेरी शिलाई घाल."