बाबांच्या रेडिओतले सहा कंडेन्सर

चि. धाकट्या,

हात बरा आहे. तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. दोन बोटं काळी झालीत, त्यात मोठंसं काही नाही. अनेक आशीर्वाद. तुम्ही सगळे ठीक असाल असं धरून चालतो. तुझी वहिनी बरी आहे, माझ्याशी बोलत नाही एवढंच.

बाबांचा रेडिओ तू दुरुस्त करून आणलास, तेव्हा मी मागची फळी काढली. (काढू नको म्हणाला होतास, म्हणूनच काढली.) आत तेच मेणचट, तपकिरी नळकांड्यांचे कंडेन्सर, सहाच्या सहा. जुने कंडेन्सर बदलल्याशिवाय विजेला जोडायचा नाही, असं तूच महिनाभर माझं डोकं खाल्लं होतंस. म्हटलं, पठ्ठ्यानं नुसती धूळ झटकली आणि आपल्याला शेंडी लावली. (रेडिओ वाजत होता, पण मी तेवढ्यानं फसतो होय?) आणि हे मी ताईसमोर, भरल्या पानांवर बोललो. तू अर्ध्या जेवणातून उठलास. मी भाजी वाढून घेतली.

मग पक्कड घेऊन ते सगळे मीच कापले. बाजारातल्या रेडिओवाल्या म्हाताऱ्याकडून सहा करकरीत आणून लावले. (चाळीस वर्षं त्याच्या खणात पडून होते, हे मागाहून कळलं. बाहेरून नवरदेव, आतून माझ्याएवढे.) तू सांगायचास, पहिल्यांदा जोडताना तारेच्या मध्ये बल्ब घालावा, म्हणजे बिघाड असला तर बल्ब भगभगतो आणि रेडिओ वाचतो. प्लग काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरात वीज दबा धरून बसते, ती आधी उतरवावी, आणि एक हात खिशात ठेवावा, म्हणजे झटका छातीतून जात नाही. खिशात हात घालून काम करणाऱ्याला मी जन्मभर आळशी म्हणत आलो. थेट प्लग घातला. घरघर झाली, धूर आला, फट्कन काहीतरी फुटलं. प्लग काढून आत दोन्ही हात घातले, ते भिंतीलाच जाऊन आदळलो.

त्या रागात तुझा कापलेला एक कंडेन्सर बत्त्यानं ठेचला. मेणातून चिंचोक्याएवढा पिवळा तुकडा निघाला. मग उरलेले पाच ब्लेडनं उघडले. सगळ्यांत तेच. म्हणजे आतूनही रेडिओ बाबांच्या वेळचाच दिसावा म्हणून तू जुनी नळकांडी पोखरलीस, त्यात नवे कंडेन्सर बसवलेस आणि तोंडाला पुन्हा तेच मेण भरलंस. एवढं नाजूक काम, आणि तोंडानं सांगायला काय झालं होतं? सांगितलंही असशील. मी ऐकलं नसेल.

चुकलो. हे एकदाच लिहितोय.

तुझा,
थोरला

ता. क. ट्रान्सफॉर्मरला जळका वास येतोय. येऊन बघ. पाच पिवळे शाबूत आहेत, डबीत ठेवलेत.

आणखी ता. क. ताईचा फोन येईल. तुझ्या कामामुळंच धूर झाला, असं मी तिला सांगून बसलोय. तोवर नळकांडी उघडून झाली होती, तेही लिहून टाकतो. आलास की ती डबी तिला तूच दाखव, मी बाजूला उभा राहीन. तिला तसं का सांगितलं ते विचारू नकोस. सांगणार नाही.