मुशीच्या घरी

मरोळ, अंधेरी
६ जानेवारी १९८७

चि. व्हिक्टर यास बेलाआत्याचे अ. उ. आ.

तुझं नाताळचं कार्ड नाताळ होऊन गेल्यावर मिळालं, पण मिळालं.

परवा तुझा बाप गोराईहून केळी घेऊन आला. चहा पिता पिता, भाजीचे भाव सांगावेत तसं सांगितलं, की मार्चअखेर तो मालदीवला तुझ्याकडे जाणार आहे, सात दिवस बोटीवरच राहणार आहे आणि पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली मुशी, म्हणजे तुमच्या त्या शार्क, बघायला उतरणार आहे. मी त्याला विचारलं, येताना वाटेत ताडी घेतलीस का. तेव्हा त्यानं तुझं पत्र काढून माझ्यापुढे टाकलं.

व्हिक्टर, तू त्या बोटीवर इंजिन सांभाळतोस, तर इंजिन सांभाळ. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला समुद्राच्या तळाशी पाठवायची कल्पना कुणाची? तुझी आई हिल्डा गेल्यापासून तो एकटा आहे, गुडघे दुखतात, आणि मुशीच बघायची तर अंधेरीच्या बाजारात रोज सकाळी मांडलेली असते. ती चावतही नाही.

दुसरं असं, की होडीवर काम करणार नाही म्हणून तू चार वर्षांपूर्वी घर सोडलंस. तेव्हापासून तुम्ही दोघं एकमेकांना फक्त हवापाणी कळवता. आता एकदम हे बोलावणं. त्यात माया आहे की राग, ते मला समजलं पाहिजे. बोट कुणाची, किती खोल उतरवतात, सगळं सविस्तर लिही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तेहतीस वर्षं मी लोकांना मुद्द्याचं बोलायला लावलं आहे, तुलाही लावीन.

उत्तर वेळेवर आलं तर माया वाढेल, नाही आलं तर आहे तेवढ्यावर भागव.

तुझी
बेलाआत्या

माले
१७ जानेवारी १९८७

ती. बेलाआत्येस व्हिक्टरचा सा. न. वि. वि.

इंजिनाजवळ बसून फुटत नाही तेवढा घाम तुझ्या पत्रानं फुटला.

आमच्या मालकानं यंदा प्रत्येक खलाशाला घरचं एक माणूस आणायची परवानगी दिली आहे. बोट झकास आहे. पाहुणे तिथेच झोपतात, तिथेच जेवतात. बोट या बेटाकडून त्या बेटाकडे जाते आणि पाहुणे दिवसातून दोनदा पाण्यात उतरतात. इथल्या मुशी माणसाच्या वाटेला जात नाहीत. डायव्हिंगचा मास्तर हेल्मुट नावाचा जर्मन आहे, तुझ्याइतकाच कडक. पहिल्या दिवशी प्रत्येकाला पट्टे-बिट्टे काही न बांधता बोटीभोवती चार फेऱ्या पोहून दाखवाव्या लागतात, मगच टाकी मिळते.

बाबांचा फॉर्म मीच भरला. त्यात विचारलं होतं, पोहता येतं का. मी हेल्मुटला म्हटलं, चाळीस वर्षं मासेमारी केलेल्या माणसाला हे विचारणं म्हणजे तुला बीअर पिता येते का विचारणं आहे. ‘होय’ लिहून देऊन टाकलं.

माया की राग म्हणतेस, तर मलाच नीट सांगता येत नाही. लहानपणी गावातले बाप पोरांना खांद्यावर घेऊन खाडीत उतरायचे. बाबा एकदाही उतरले नाहीत. हात मागे बांधून काठावर उभे. मला वाटायचं, यांना माझा कंटाळा आहे. एकदा तरी ते माझ्याबरोबर पाण्यात यावेत, एवढंच मनात आहे.

आशीर्वाद दे, ओरडा नंतर दे.

तुझा
व्हिक्टर

मरोळ
२७ जानेवारी १९८७

चि. इसिडोर यास अनेक आशीर्वाद.

सोबत व्हिक्टरचं पत्र पाठवते आहे. बसून वाच. फॉर्मवर त्यानं काय लिहिलं आहे ते दोनदा वाच.

तुला पोहता येत नाही. हे जगात दोनच माणसांना ठाऊक आहे, तुला आणि मला. सदतीस साली तू जेट्टीवरून खाडीत पडलास, मी बांबू पुढे केला, तू तो धरलास. घरी तू सांगितलंस की पैज मारून उडी घेतली. मी बारा वर्षांची मूर्ख, ऐकून घेतलं. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर सांगायच्या, की खरं माहीत असून गप्प बसणं म्हणजे खोटंच बोलणं. त्या हिशेबानं पन्नास वर्षं मी तुझ्यासाठी खोटं बोलते आहे, आणि तू मला केळी देतोस.

तो जर्मन पोहून दाखवा म्हणाला की तू काय करशील, ते मला इथे बसून दिसतं. पोरासमोर ‘येत नाही’ म्हणायच्या आधी तू उडी मारशील. तिथे बांबू घेऊन कोण उभं असणार आहे?

आजच्या आज त्याला खरं लिही.

तुझ्यावर जीव आहे म्हणून हे कागदावर लिहिते आहे, नाहीतर गोराईला येऊन जेट्टीवर उभी राहून ओरडले असते.

बेला

गोराई
३० जानेवारी १९८७

ती. बेलाबायस इसिडोरचा सा. न.

तुझं पत्र मिळालं. मला लिहायची सवय नाही, चुकलं तर समजून घे.

पोराला लिहू नकोस. चाळीस वर्षं मी मुशी मारली. जाळ्यात ती उलटीपालटी, होडीत आली की धडपडणारी, डोक्यात दांडका घातला की गप्प. बाजारात तर तुकडेच. ती पाण्यात चालते कशी, ते मी बघितलं नाही. तिच्यावर माझं घर चाललं, व्हिक्टरची शाळा झाली, हिल्डाचं औषध झालं. तिला एकदा तिच्या घरी बघावी असं वाटतं. दुसरं काही मागत नाही.

आणि पोरानं चार वर्षांत पहिल्यांदा ये म्हटलं आहे. त्याला काय लिहू? तुझ्या बापाला पाण्याची भीती वाटते?

दोन महिने आहेत. तुझ्याकडे शिकायची काही सोय असली तर बघ. मी येतो. गावात सांगेन की दात काढायला जातो आहे.

माझ्यावर राग धर, पण टाकू नकोस.

इसिडोर

मरोळ
२४ फेब्रुवारी १९८७

चि. इसिडोर यास अनेक आशीर्वाद.

तीन आठवडे माझ्याकडे राहून पूलवर पोहायला शिकत होतास, आणि न सांगता गोराईला निघून गेलास. उशीखाली पूलचा पास आणि रबरी टोपी मात्र ठेवून गेलास, जणू मी पोहायला जाणार आहे.

मी आज पूलवर जाऊन तुझ्या मास्तरांना भेटले. दत्ताराम मिलिटरीतून निवृत्त झालेला माणूस आहे, उगाच गोड बोलत नाही. म्हणाला, बाई, तुमचे भाऊ रोज सहाला हजर. पहिलीतल्या मुलांच्या रांगेत उभे राहिले, लाजले नाहीत. कठडा धरून पाय छान मारतात. पण कठडा सोडा म्हटलं की चेहरा पांढरा होतो. शनिवारी सोडला, आणि तीन हातांवर खाली गेले. मीच वर काढलं. वर आल्यावर त्यांनी माझे आभार मानले, कपडे केले आणि गेले.

तू मला यातलं काही सांगितलं नाहीस. मी शनिवारी तुझ्यासाठी मुगाची खिचडी करून वाट बघत होते.

इसिडोर, पुरे झालं. तू प्रयत्न केलास आणि जमलं नाही. यात तोंड लपवण्यासारखं काही नाही. पण आता तू गप्प बसलास तर त्या पोराच्या डोळ्यांदेखत बुडशील, आणि ‘होय’ आपण लिहिलं हे त्याला जन्मभर वागवावं लागेल. याचा विचार केलास का?

१ मार्चच्या रविवारपर्यंत मुदत देते. तू लिही. नाहीतर सोमवारी सकाळी मी ट्रंक कॉल लावीन. कसा लावायचा ते मला चांगलं माहीत आहे.

दाताची चौकशी शेजारची मालन रोज करते. कुठला दात म्हणून सांगू, तेही कळव.

रागात आहे, पण तुझीच,
बेला

गोराई
२७ फेब्रुवारी १९८७

चि. व्हिक्टर यास बाबाचे आशीर्वाद.

इथे सर्व ठीक. हवा कोरडी आहे.

तू फॉर्मवर माझ्यासाठी होय लिहिलंस. ते खोडून टाक. मला पोहता येत नाही. लहानपणापासून येत नाही. खवळलेल्या समुद्रात मी कमरेला दोर बांधून बसायचो, ते जाळ्याच्या कामासाठी आहे असं सगळ्यांना वाटायचं. तुझ्या आईलाही मी सांगितलं नाही.

आत्यानं मला तुझं पत्र दाखवलं. मला तुझा कंटाळा नव्हता. तू खाडीत पोहायचास तेव्हा मी काठावर उभा असायचो. हात मागे असायचे, कारण हातात दोर असायचा. तू बुडायला लागलास तर उडी मारून उपयोग नव्हता, दोघं गेलो असतो. म्हणून दोर. तू बाहेर आलास की मी तो होडीत टाकायचो आणि घरी जायचो. 

तीन आठवडे आत्याकडे राहून शिकायला बघितलं. जमलं नाही.

तिकीट रद्द करायचं तर कर. मी वाईट वाटून घेणार नाही. तू लाज वाटून घेऊ नकोस.

तुझा
बाबा

माले
९ मार्च १९८७

ती. बाबांस व्हिक्टरचा सा. न. वि. वि.

पत्र इंजिनाजवळ वाचलं. मग वर डेकवर जाऊन परत वाचलं.

आधी मला राग आला. तुम्ही न सांगता आला असतात आणि उडी मारली असती, हे डोळ्यांसमोर आलं. मी तुम्हाला ओळखतो, तुम्ही उडी मारलीच असती. मग राग गेला. बराच वेळ गेला, तेव्हा कळलं की मला हलकं वाटतं आहे.

मला फक्त मागे बांधलेले हात दिसायचे. दोर कधी दिसला नाही.

हेल्मुटला जाऊन सांगितलं. त्यानं माझ्यासमोर फॉर्मवरचं ‘होय’ खोडलं आणि मलाच झापलं, की दुसऱ्याच्या पोहण्यावर सही करायला तू कोण. टाकी बांधून खाली जाता येणार नाही, याबद्दल तो ऐकत नाही, आणि ते बरोबर आहे. पण म्हणाला, इथे प्रवाळाच्या आत पाणी छातीइतकं आहे. तरंगायचं जाकीट घालायचं, तोंडावर काच, तोंडात नळी, आणि नुसतं वरून बघायचं. मुशीची पिल्लं आणि लहान मुशी सकाळी तिथे येतात. तुमच्यासारखे पाहुणे दरवर्षी दोन-चार असतात.

तिकीट तसंच आहे. २८ तारखेला त्रिवेंद्रमहून विमान. मी धक्क्यावर असेन. दोर आणू नका, इथे पुष्कळ आहे.

तुमच्या मायेत मला आता शंका नाही.

तुमचा
व्हिक्टर

माले
३ एप्रिल १९८७

ती. बेलाबायस इसिडोरचा सा. न.

पत्र पोचायच्या आधी बहुतेक मी पोचेन, तरी लिहितो. तोंडानं सांगताना माझ्याकडून राहून जातं.

सोमवारी बघितली. मी जाकीट घालून शिडीच्या खालच्या पायरीवर अर्धा तास बसलो होतो.  व्हिक्टर पाण्यात उभा राहिला आणि त्यानं हात पुढे केला. मी शिडी सोडली. तोंड पाण्यात घातलं आणि श्वास घ्यायचं विसरलो, तेव्हा त्यानं हात दाबला.

ती वाळूवरून आली. माझ्या हाताएवढी लांब असेल नसेल, पाठीवरच्या पराचं टोक काळं. बेलाबाय, ती अंगच हलवत नाही. शेपटीला थोडं काहीतरी होतं आणि ती पुढे गेलेली असते. चाळीस वर्षं मला वाटायचं, हे धडपडणारं जनावर आहे. ते धडपडणं आमचं होतं. तिनं आम्हा दोघांकडे बघितलं आणि आपल्या कामाला गेली.

रोज जातो. सोडा म्हटलं तरी मी व्हिक्टरचा हात सोडत नाही, आणि त्यालाही घाई नाही. हवापाण्याचं सोडून दुसरंही बोलतो आता. तो म्हणाला, इंजिनाचं काम त्याला मनापासून आवडतं. मी म्हटलं, मला दिसतं आहे.

मालनला सांग, दात सुटला.

तू मुदत दिलीस ती बरं केलंस. तुझी सावली माझ्यावर राहू दे.

इसिडोर

मरोळ
१४ एप्रिल १९८७

चि. व्हिक्टर यास बेलाआत्याचे अ. उ. आ.

तुझा बाप शुक्रवारी सुखरूप पोचला. त्याचं पत्र आज आलं. तो म्हणाला तसंच झालं, तोंडानं त्यानं ‘बरं होतं’ एवढंच सांगितलं होतं. पत्र मी तीन वेळा वाचलं आणि मग बायबलमध्ये ठेवलं. तिसऱ्यांदा वाचताना चष्मा पुसावा लागला, हे तुला सांगायला हरकत नाही, त्याला कळवू नकोस.

तीन महिने मी नीट जेवले नव्हते. परवापासून जेवते आहे.

आता रविवारचं सांगते. झावळ्यांचा रविवार म्हणून मी गोराईला गेले. मिसा संपल्यावर पुरुष मंडळी चर्चच्या पायऱ्यांवर जमली, हातात झावळ्या, आणि सगळे तुझ्या बापाभोवती. किती खोल गेलास, मुशी अंगावर आली का, टाकी किती जड होती. मी मागे उभी. मला वाटलं, आता हा चाळीस हातांची थाप मारणार, आणि मी पुढची पन्नास वर्षं परत गप्प बसणार.

त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाला, मी खोल गेलो नाही. छातीइतक्या पाण्यात होतो. मला पोहता येत नाही. पोराचा हात धरला होता.

कुणी हसलं नाही. फादर आत जायला निघाले होते, ते थांबले.

चाळीस वर्षं तुझ्या बापाबरोबर एकाच होडीत बसलेला आपला गुणाजी, तो मिसाला येत नाही, पण मुशीची हकीकत ऐकायला आवर्जून आला होता. तो सगळ्यांतून वाट काढत पुढे आला. चेहरा लालबुंद. तुझ्या बापाला म्हणाला, अरे इसिडोर, इतकी वर्षं वादळात मी कुणाच्या भरवशावर होडीत बसत होतो? मनात म्हणायचो, होडी उलटली तर इसिडोर आहे, तो मला ओढून काठाला लावील.

तुझा बाप त्याच्याजवळ सरकला. मग हळूच म्हणाला, गुणाजी, मी तुझ्या भरवशावर बसत होतो.

गुणाजी मटकन खालच्या पायरीवर बसला. तुझा बाप त्याच्याशेजारी बसला. मी निघाले तेव्हाही दोघं तिथेच बसले होते, एकमेकांच्या गुडघ्यावर हात ठेवून, आणि इतके हसत होते की दोघांना उठता येत नव्हतं.

तिकडे पोटभर खा. आता तुझ्यावर माझा फक्त लोभ आहे, राग बराचसा संपला आहे.

तुझी
बेलाआत्या